२०२० ची सायकल की २०२३ ची? आणि मधे माझी कंबर

“डॉक्टर, कंबर दुखते, पण सायकल चालवायची आहे. चालवू का?”

हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. कोणाची जुनी आवड असते, तर कोणाला शुगर आणि वजनासाठी व्यायाम हवा असतो. वर्षानुवर्षं मी या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर देत होतो: “चालवा, पण बेतानं.” दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला स्वतःला पडला आणि ‘बेतानं’ म्हणजे नेमकं काय, हे मलाच सांगता येईना.

म्हणून आज थोडं वेगळं लिहितो आहे. आरोग्याची माहिती नेहमीप्रमाणे आहेच, पण ती मी एक सेकंडहॅण्ड सायकल निवडताना केलेल्या चुकांमधून सांगणार आहे. तुम्हाला सायकलमध्ये रस नसला तरी वाचा. गादी घ्यायची असो, ऑफिसची खुर्ची असो की गुडघ्याचा पट्टा, आपण सगळे साधारण याच चुका करतो.

आधी माझ्या कमरेबद्दल

माझं वय ५३. दोन वर्षांपूर्वी गच्चीवरची एक मोठी कुंडी वाकून उचलली आणि कमरेत कळ आली. दुसऱ्या दिवशी ती कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत आणि तिथून अंगठ्यापर्यंत उतरली. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकून नसेवर दाब आला होता. यालाच आपण सायटिका म्हणतो.

ऑपरेशन करावं लागलं नाही. बहुतेकांना लागतही नाही. चकतीमुळे झालेला सायटिका पुष्कळ लोकांमध्ये काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत औषधं, चालणं आणि फिजिओथेरपी यांवर आटोक्यात येतो. मलाही तीन महिने लागले. सहाव्या महिन्यात मी माझी जुनी सायकल बाहेर काढली आणि पहाटे टेकडीवर गेलो.

ती सायकल ‘हार्डटेल’ होती. म्हणजे पुढच्या चाकाला धक्के झेलणारा फोर्क, मागे काही नाही. सपाट रस्त्यावर ठीक चाललं. टेकडीवर दगडगोट्यांच्या वाटेला लागलो आणि अर्ध्या तासात कंबर बोलू लागली. मागचं चाक दगडावर आपटलं की धक्का फ्रेममधून सीटमध्ये, सीटमधून माकडहाडात आणि तिथून थेट त्याच चकतीत जात होता.

इथे शरीरातलं थोडं समजून घेऊ. दोन मणक्यांमधली चकती म्हणजे कडक कड्यात भरलेला मऊ गर. ती धक्के झेलते. पण मोठ्या माणसाच्या चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूच्या हाडांतून झिरपणाऱ्या पोषणावरच ती जगते, त्यामुळे तिची दुरुस्ती फार सावकाश होते. शिवाय आपण पुढे वाकून बसतो तेव्हा चकतीवरचा दाब ताठ उभं असताना असतो त्यापेक्षा जास्त असतो. सायकलवर आपण नेमकं पुढे वाकून बसतो आणि वरून धक्के खातो. जिची दुखापत नुकती भरली आहे, तिला हे दोन्ही एकदम नको असतं.

म्हणून मी ठरवलं, आता मागेही सस्पेन्शन असलेली सायकल घ्यायची. हिला फुल सस्पेन्शन म्हणतात. फ्रेमचा मागचा भाग सांध्यांवर हलतो आणि मधे हवेचा शॉक असतो. चाक दगडावर चढलं की चाक वर जातं, सीट जवळजवळ जागेवर राहते.

दोन सायकली

अशी सायकल नवी घ्यायची तर पैसे फार लागतात. ओळखीतून दोन वापरलेल्या सायकली कळल्या. दोन्ही ट्रेक कंपनीच्या, दोन्ही ‘फ्युएल ईएक्स’, दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्ही मीडियम मापाच्या. फरक मॉडेलच्या वर्षाचा. एक २०२० ची. तिचा मालक काही वर्षं अमेरिकेत राहून परतलेला इंजिनियर. दुसरी २०२३ ची, फारशी न वापरलेली. तिच्या मालकाची बदली झाली होती आणि सायकल बाल्कनीत पडून होती. दोघांनी सांगितलेल्या किमतींत जो फरक होता, त्यात आमच्या घरातला फ्रिज बदलून झाला असता.

मॉडेलचं वर्ष म्हणजे सायकल कारखान्यातून निघाली ते वर्ष असतंच असं नाही. २०२३ चं हे मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्येच बाजारात आलं होतं. पण या दोन मॉडेल्समध्ये नुसता रंग बदललेला नव्हता, पूर्ण पिढी बदललेली होती. कंपनी एकीला पाचवी पिढी म्हणते, दुसरीला सहावी.

मी दोन्हींचे तक्ते काढले. जुनीचं मागचं चाक १३० मिलिमीटर हलतं, पुढचा फोर्क १४० मिलिमीटर दबतो. नवीत हेच आकडे १४० आणि १५०. पुढचा फोर्क जमिनीशी जो कोन करतो, तो जुनीत ६६ अंशांच्या आसपास आहे, नवीत साधारण साडेचौसष्ट. म्हणजे नवीचं पुढचं चाक जरा लांब, पुढे पसरलेलं. तीव्र उतारावर सायकल स्थिर राहते, पण चढावर हळू जाताना हॅण्डल थोडं भरकटतं. सीटचा कोन जुनीत साधारण ७५ अंश, नवीत ७७ च्या पुढे. म्हणजे नवीत बसणारा माणूस पेडलच्या जास्त वर येतो. शिवाय नवीची चौकट लांब.

दोन आठवडे मी रात्री दवाखाना बंद झाल्यावर हेच आकडे चाळत बसलो. दहा मिलिमीटर जास्त म्हणजे कमरेला दहा मिलिमीटर आराम जास्त, असा माझा साधा हिशेब होता. नवीच घ्यायची, असं मनात जवळपास ठरलंही होतं.

तुम्हाला रागावतो, तीच चूक

यातलं काही ओळखीचं वाटतं का? एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की तुम्ही काय करता? “डिस्क बल्ज”, “डीजनरेशन”, “मिलिमीटर” असे शब्द शोधता, घाबरता आणि मला विचारता, “डॉक्टर, चार मिलिमीटर म्हणजे फार का हो?” मी दर वेळी सांगतो, की आपण रिपोर्टवर नाही, माणसावर उपचार करतो.

हे मी धीर द्यायला म्हणत नाही. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा सुमारे ३,००० लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली. पन्नाशीच्या लोकांमध्ये हेच प्रमाण ८० टक्के होतं. यांतल्या कोणालाही दुखत नव्हतं! म्हणजे कागदावरची झीज आणि माणसाचं दुखणं यांचं नातं आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही.

आणि मी स्वतः काय करत होतो? सायकलचा रिपोर्ट वाचून कमरेवर उपचार करत होतो. दोन्हींपैकी एकाही सायकलवर मी अजून बसलोही नव्हतो.

दुसऱ्याच्या वजनाचा डोस

शेवटी एका रविवारी २०२० ची सायकल चालवून पाहिली. अर्ध्या तासात परत आलो. कंबर हार्डटेलवर दुखायची तशीच दुखत होती. मागचा शॉक जणू हलतच नव्हता. घरी येऊन मी जाहीर केलं, “जुनी बाद. नवीच घ्यायची.”

पुढच्या आठवड्यात जुन्या सायकलचे ब्रेक करायला नेहमीच्या दुकानात गेलो. तिथला मेकॅनिक पंचविशीचा मुलगा आहे. त्याला ही कथा सांगितली. त्यानं एकच प्रश्न विचारला.

“डॉक्टर, शॉकमध्ये हवा किती होती?”

मला माहीत नव्हतं.

“ज्यांची सायकल आहे त्यांचं वजन किती असेल?”

सहज ९५ किलो. भरदार गृहस्थ.

“आणि तुमचं?”

“७४.”

तो हसला. “मग तुम्ही त्यांचा शॉक चालवला की. तुमचा कुठं चालवला?”

मी मान खाली घातली. एखाद्यानं शेजाऱ्याच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि “हे औषध बेकार आहे” असं म्हटलं, तर मी त्याला काय म्हणेन?

हे नीट समजून घ्या, कारण फुल सस्पेन्शन सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे. मागच्या शॉकमध्ये हवा असते आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते. नेहमीचे कपडे, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी असा सगळा सरंजाम घेऊन सायकलवर बसायचं. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती वर सरकवून ठेवायची, उड्या न मारता बसायचं, तसंच अलगद उतरायचं आणि रिंग किती सरकली ते मोजायचं. साधारण २५ ते ३० टक्के दबायला हवं. याला ‘सॅग’ म्हणतात. जास्त हवा असेल तर शॉक काम करत नाही, कमी असेल तर तळाला आपटतो. यासाठी साधा पंप चालत नाही, मीटर असलेला शॉकचा छोटा पंप मिळतो.

आणखी एक बटण असतं. दबलेला शॉक किती वेगानं परत उसळायचा ते त्यावर ठरतं. हे फार मोकळं असेल तर प्रत्येक खड्ड्यानंतर सीट खालून लाथ मारल्यासारखी वर येते. कमरेला हे खड्ड्याइतकंच वाईट.

मेकॅनिकनं मला मालकाकडून सायकल पुन्हा आणायला लावली, माझ्या वजनाला हवा लावली, उसळी मंद केली. त्याच वाटेवर, तीच सायकल, पण कंबर गप्प. मागच्या रविवारी मी जी ‘बाद’ केली होती, ती सायकल नव्हतीच. ते ९५ किलोचं गणित होतं.

कंबर विरुद्ध हात

आता मी शहाणा झालो होतो. दोन्ही मालकांकडून दोन-दोन रविवार मागून घेतले. बीपीच्या पेशंटला मी जशी वही ठेवायला सांगतो तशी वही केली. प्रत्येक फेरीनंतर कंबर, हात आणि गुडघे यांना शून्य ते दहा असे दुखण्याचे गुण द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पुन्हा द्यायचे.

दुसऱ्या सकाळचे गुण जास्त महत्त्वाचे. व्यायाम करताना थोडं जाणवलं आणि २४ तासांत मूळपदावर आलं, तर सहसा काळजी नसते. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल, किंवा कमरेतून पायात उतरत असेल, तर तो व्यायाम तुमच्यासाठी त्या दिवशी जास्त झाला. ही कसोटी चालणं, योगासनं, जिम या सगळ्यांना लागू आहे.

वहीत गंमत दिसली. टेकडीच्या चढावर २०२३ ची खरंच उजवी ठरली. कंबर २०२० वर चार, २०२३ वर दोन. कारण सीटचा कोन. चढावर सायकल मागे कलते. सीट मागे असेल तर आपणही मागे जातो, पुढचं चाक उचलायला लागतं, आणि ते खाली ठेवायला आपण कमरेतून पुढे वाकतो. सीटची दांडी उभी असेल तर माणूस पेडलच्या वर राहतो आणि कंबर तेवढी वाकवावी लागत नाही.

पण टेकडी आमच्या घरापासून सात किलोमीटर आहे. जाताना सात, येताना सात, सगळा सपाट डांबरी रस्ता. सपाटीवर तीच उभी सीट अंगाचं वजन पुढे, हातांवर ढकलते. २०२३ वर अर्ध्या तासात माझी दोन्ही करंगळ्यांत मुंग्या यायला लागल्या. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं एक नस जाते, अल्नर नर्व्ह. हॅण्डलवर बराच वेळ भार पडला की ती दबते. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होते. दुर्लक्ष केलं तर बोटांची ताकदही कमी होऊ शकते. माझं पोट हातांवर आहे. इंजेक्शन, नाडी, टाके, सगळं याच बोटांनी.

म्हणजे एक सायकल कमरेला बरी, दुसरी हातांना. आता?

पुन्हा मेकॅनिक. त्यानं २०२० ची सीट तिच्या रुळांवर एक सेंटीमीटर पुढे सरकवली आणि तिचं नाक अगदी किंचित खाली केलं. चढावरचे गुण चारवरून अडीचवर आले. २०२३ च्या हॅण्डलखाली एक चकती घालून ते थोडं उंच केलं, तर मुंग्या अर्ध्या तासाऐवजी तासाभरानं आल्या. कंपनीनं तीन वर्षांत जो फरक केला होता, त्यातला माझ्या कमरेपुरता मोठा भाग एका ॲलन कीनं भरून निघाला.

हे तुम्ही आजच्या आज तुमच्या असलेल्या सायकलवर करू शकता. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा पूर्ण सरळ नको, साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागे दुखत असेल तर बहुधा वर आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही थोडी, आणि दोन-तीन फेऱ्या थांबून पाहा. औषधाचा डोस बदलतो तसंच.

तो उतार

आता ज्या गोष्टीनं निर्णय झाला ती सांगतो. ही माझ्या तक्त्यातही नव्हती आणि वहीतही.

टेकडीवर एक उतार आहे. सुटा मुरूम, मधे पावसानं कापलेली घळ, शेवटी वळण. वीस वर्षं मी तिथे सायकलवरून उतरून चालत जातो. २०२३ च्या दुसऱ्या रविवारी मी तो उतार सायकलवरून उतरलो. ठरवून नाही. सायकल इतकी स्थिर होती की उतरायचं लक्षातच आलं नाही. खाली पोचलो तेव्हा वाऱ्यानं डोळ्यांत पाणी होतं आणि मी एकटाच मोठ्यानं हसत होतो. इतका आनंद मला फार दिवसांनी झाला होता.

मग हात थरथरायला लागले.

सुरक्षितता वाढली की आपण धोका थोडा वाढवतो. हा माणसाचा स्वभाव आहे. चांगले ब्रेक आले की वेग वाढतो, गुडघ्याला पट्टा लावला की “आता जिने चढायला हरकत नाही” असं वाटतं, वेदनाशामक गोळी लागू पडली की त्याच दिवशी कपाट सरकवलं जातं. सायकलनं माझ्या कमरेचे धक्के कमी केले, ते मी वेगात खर्च केले. पण माझी हाडं, माझं मनगट आणि माझी प्रतिक्रिया द्यायची गती यांचं मॉडेल काही २०२३ चं नव्हतं.

त्या क्षणी मला आठवलं ते एका तरुण पेशंटचं मनगट. सायकलवरून पडताना त्यानं हात टेकला होता. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून क्रेप बॅण्डेज बांधून दोन महिने काढले आणि मग दुखतंय म्हणून माझ्याकडे आला. स्कॅफॉइड नावाचं मनगटातलं छोटं हाड मोडलं होतं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा दिसतो. हात टेकून पडल्यावर त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर हे हाड मोडल्याची शंका घ्यायची. पहिला एक्स-रे स्वच्छ असू शकतो. हात आधारात ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा एमआरआय करतात. या हाडाचा रक्तपुरवठा उलट्या दिशेनं, बोटांकडच्या टोकाकडून येतो. त्यामुळे मोडलेलं लक्षात आलं नाही तर ते न जुळण्याची भीती असते. हे वाक्य लक्षात ठेवा, घरात कोणीही हातावर पडलं तरी उपयोगी पडेल.

माझा दवाखाना एकट्याचा आहे. माझं मनगट प्लास्टरमध्ये म्हणजे दवाखान्याला कुलूप.

घरी आलो. बायकोनं विचारलं, “मग, कुठली आवडली?”

“२०२३ ची.”

“घेतोयस ना मग?”

“नाही. २०२० ची घेतोय.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला उताराचं काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “पडायला काय, जुनीवरूनही पडता येतं.”

खरं होतं. जुनी सायकल मला पडण्यापासून वाचवणार नव्हती. पण तिच्यावर त्या उतारापाशी मला आपोआप भीती वाटत होती आणि पाय खाली टेकत होता. मला ती भीती शाबूत हवी होती.

घेतल्यानंतर

वापरलेली सायकल घेताना विक्रेता म्हणतो, “काहीच प्रॉब्लेम नाही.” पेशंटही असंच म्हणतात आणि खिशातून तीन जुने रिपोर्ट काढतात. म्हणून मी पूर्ण हिस्टरी घेतली. सस्पेन्शनची सर्व्हिस शेवटची कधी केली? उत्तर आलं, “करावी लागते?” काही कंपन्या १२५ तास वापरल्यावर किंवा वर्षातून एकदा, यांतलं जे आधी होईल तेव्हा सर्व्हिस सांगतात. मी फोर्क आणि शॉक दोन्हींची सर्व्हिस करून घेतली, सांध्यांचे बेअरिंग बदलले, वेल्डिंगच्या जागी चिरा नाहीत ना ते उजेडात पाहून घेतलं. वाचलेल्या पैशातले काही यात गेले. उरलेल्यातून नवं हेल्मेट घेतलं. जुनं एकदा आपटलं होतं, आणि आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं असतं. शिवाय फिजिओथेरपिस्टकडे सहा बैठका घेतल्या, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंच्या व्यायामासाठी.

एवढं करून कंबर एकदा धरलीच, पण सायकलवर नाही. सायकल गाडीच्या कॅरिअरवर चढवताना. पंधरा किलोच्या आसपासचं वजन, वाकून, कमरेतून वळत, हात लांब करून. म्हणजे कुंडीचीच पुनरावृत्ती. आता आधी पुढचं चाक काढतो, गुडघ्यात वाकतो, सायकल अंगाशी धरतो आणि पाय फिरवून वळतो.

वर्ष होत आलं. आठवड्यातून दोनदा जातो. त्या उतारापाशी उतरून चालतो. कधी कधी मागून कोणी तरुण नव्या सायकलवरून सर्रकन खाली जातो, तेव्हा पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू? मग मी खाली पोचतो, सायकलवर बसतो आणि दहा वाजता दवाखाना उघडतो.

मग तुम्ही कुठली घ्यावी?

माझं उत्तर तुमचं उत्तर नाही. तुम्ही तिशीतले असाल, तीव्र उतारांवर चालवायचा सराव असेल, तर नव्या पिढीची स्थिर सायकल तुम्हाला जास्त सुरक्षित ठरेल. टेकडी घराला लागून असेल आणि चढावरच कंबर दुखत असेल, तर उभ्या कोनाची सीट खरंच मोलाची आहे. वर्ष पाहण्याआधी एवढं करा:

• आकडे वाचा, पण निर्णय चालवून पाहिल्यावर घ्या. शॉकमध्ये तुमच्या वजनाची हवा भरल्याशिवाय चालवू नका.

• नेहमीच्या वाटेवर किमान दोनदा चालवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाला विचारा.

• किमतीतला फरक मोजताना सर्व्हिस, हेल्मेट आणि मापाला बसवून घेण्याचा खर्च त्यात धरा.

• सायकल तुम्हाला काय करायला लावते आहे ते पाहा. तिच्यावर तुम्ही एरवी न घेतलेला धोका घेताय का?

• वय ४५ च्या पुढे असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, घरात हृदयविकार असेल, तर चढ चढण्याआधी तपासणी करून घ्या. चढावर छातीत दाब किंवा जबड्यात, डाव्या हातात दुखणं आलं तर तिथेच थांबा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

• फक्त सायकलिंगनं हाडांना पुरेसा भार मिळत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस चालणं आणि वजनांचे व्यायाम जोडीला हवेतच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, लघवी अडकली, सीटला टेकणारा भाग बधिर झाला, किंवा पाऊल उचलता येईनासं झालं, तर सायकल, फिजिओ, मलम काही नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. नसांवरचा असा दाब वेळेत काढला नाही तर नुकसान कायमचं राहू शकतं. ताप, कारण नसताना घटणारं वजन, किंवा रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी असेल तरीही आधी डॉक्टर, मग सायकल.

परवाच एक पेशंट विचारत होते, “डॉक्टर, कंबर दुखते, सायकल चालवू का?” मी त्यांना ‘बेतानं’ म्हटलं नाही. त्यांना विचारलं, “कुठली सायकल, कुठल्या वाटेवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं?” ते म्हणाले, सकाळचं कधी पाहिलंच नाही. त्यांना एक वही घ्यायला सांगितली आहे. पंधरा दिवसांनी येतील.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या दुखण्याचं निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांनी तपासूनच ठरवायला हवेत.)